२१२ घारी आणि एक जळालेला माळ: पुण्यातल्या शिकारी पक्षीगणनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या चौदा पक्षीनिरीक्षकांच्या एका गटाचं आहे. माणसांची आणि माळाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गटाची वही माझ्याकडे असायची, त्यामुळे पुढे येणाऱ्या चुकांत माझाही वाटा आहेच.

गट कोथरूड-कर्वेनगर भागातला. निम्मे निवृत्त, दोघं आयटीतले, एक भूगोलाच्या शिक्षिका (सगळे त्यांना मॅडमच म्हणतात) आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा. आमच्यात सर्वांत तयार डोळा त्याचाच. समन्वयक होते बँकेतून निवृत्त झालेले काका. दर रविवारी सकाळी वेताळ टेकडी चढायची, दोन तास पक्षी बघायचे आणि उतरून चहा प्यायचा, एवढाच आमचा कार्यक्रम असायचा.

काका मुलीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर दोन दिवस काढले. त्या डोंगरधारेवर एके काळी लोक जमून ससाणे-गरुडांवर बंदुका चालवत. १९३४ मध्ये रोझाली एज या बाईंनी ती जागा ताब्यात घेऊन शिकार थांबवली आणि तिथे मोजणी सुरू झाली. खडकावर बसलेले स्वयंसेवक, हातात दुर्बीण, दर तासाला आकडा आणि वारा-ढगांची नोंद. काका परत आले ते हेच चित्र डोक्यात घेऊन. आपल्याकडेही हिवाळी पाहुणे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उत्तरेकडे परततात. मग ते नेमके कधी जातात, किती जातात, हे आपण का मोजू नये?

जागा कोणती, याची चर्चा झालीच नाही. शहरातली सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, चारी बाजूंनी आकाश मोकळं आणि घरापासून वीस मिनिटांवर. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा अशी मोजणी सुरू झाली. जागेचा तो निर्णय कुणीच घेतला नव्हता, तो आपोआप झाला.

काय घडलं

पहिल्या तीन रविवारी वहीत बहुतेक घारीच होत्या. मधूनच एखादा शिक्रा, खाणीच्या बाजूला कापशी, एकदा खूप उंचावरून सरळ उत्तरेला गेलेला दलदल भोवत्या. भोवत्या म्हणजे हॅरियर. माळावर पंख किंचित वर धरून, जमिनीलगत डुलत फिरणारा हा पक्षी ज्याने एकदा पाहिला, त्याला नावाची फोड करून सांगावी लागत नाही.

चौथ्या रविवारी ऊन कडक होतं. दहानंतर गरम हवेचे झोत उठू लागले आणि घारी चढू लागल्या. आमचा नियम असा होता की डोक्यावरची धार ओलांडणारा प्रत्येक पक्षी मोजायचा. साडेबाराला बेरीज २१२ भरली. टाळ्या वाजल्या. उतरता उतरता एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, "आज पुण्यावरून २१२ घारींचं स्थलांतर!" संध्याकाळपर्यंत तो मेसेज आम्हालाच चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून परत आला. सोमवारी एका पत्रकाराचा काकांना फोन आला. त्याला फोटो आणि दोन वाक्यं हवी होती.

त्याच रविवारी मॅडम आमच्याबरोबर नव्हत्या. त्या खाणीच्या टोकाला एकट्याच उभ्या होत्या आणि वेगळ्या पद्धतीने मोजत होत्या. दर दहा मिनिटांनी एक नजर संपूर्ण आकाशावरून फिरवायची आणि त्या क्षणी एकाच वेळी जेवढ्या घारी दिसतात तेवढ्याच लिहायच्या. त्यांचा सर्वांत मोठा आकडा होता ३८.

समस्या

२१२ आणि ३८ यांत खरं काय, असा प्रश्न पहिल्यांदा पडला. पण खरी अडचण त्याच्या मागे होती. पुण्यातल्या घारी हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घरटी करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या कुठेही जात नसतात, उलट पिल्लांसाठी मटणाच्या दुकानांपासून कचऱ्यापर्यंत दिवसभर फेऱ्या मारत असतात. एकच घार तासाभरात आमची धार पाच-सहा वेळा ओलांडत होती आणि आम्ही तिला दर वेळी नव्याने निरोप देत होतो.

यात आणखी एक गुंता होता. मध्य आशियातून हिवाळ्यात खाली येणाऱ्या, पंखांखाली मोठा पांढुरका डाग असलेल्या घारीही असतातच. त्या परत जातात. पण उन्हाच्या दिशेला, तीनशे मीटर उंचीवर, ही इथली आणि ती पाहुणी असं छातीठोक सांगणं आमच्यापैकी कुणाच्याही आवाक्यातलं नव्हतं. कॉलेजच्या मुलाने ते सगळ्यांच्या आधी कबूल केलं.

आता तीन गोष्टी एकदम समोर होत्या: जागा चुकीची असू शकते, पद्धत नक्कीच चुकीची आहे, आणि चुकीचा आकडा गावभर झालाय.

पहिला निर्णय: पत्रकाराला काय सांगायचं

यावर गटात सरळ दोन तट पडले. एक म्हणे, बातमी येऊ द्या, लोकांना घारींबद्दल कुतूहल वाटेल, आकड्याचं काय एवढं. दुसरा म्हणे, सपशेल नकार द्या. काकांनी दोन दिवस मागून घेतले आणि बुधवारी फोन करून सांगितलं, की या घारी स्थलांतर करत नव्हत्या, आम्ही त्याच त्या पुन्हा मोजल्या, बातमी देऊ नका. हवी तर शहरातल्या घारींच्या घरट्यांवर द्या. पत्रकाराने ती दिली नाही, विषय तिथेच संपला.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्तीही टाकली. मूळ मेसेज जिथे जिथे गेला तिथे ती अर्थातच पोचली नाही. आजही अधूनमधून कुणीतरी "ते २१२ वाले तुम्हीच ना?" असं विचारतं.

समोर असलेले पर्याय

मार्चच्या पहिल्या दिवशी काकांच्या घरी बैठक झाली. मॅडमनी आधी भूगोल सांगितला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. हॉक माउंटनवर, जॉर्जियातल्या बातुमीला किंवा हिमालयात नेपाळमधल्या पोखराजवळच्या ठुलाखर्कला पक्षी ओळीने का दिसतात? कारण डोंगररांग किंवा समुद्र त्यांना एका पट्ट्यात लोटतो. मोठ्या पंखांचे गरुड-बाज वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. पाण्यावर तसे झोत मिळत नाहीत म्हणून ते समुद्र टाळतात, आणि डोंगराच्या धारेवर वारा वर चढतो म्हणून तिला धरून राहतात. दख्खनच्या पठारावर असं काहीच नाही. सगळीकडे तापलेली जमीन, सगळीकडे झोत. त्यामुळे पक्षी शेकडो किलोमीटरच्या रुंदीत पांगून निघतात. मॅडम म्हणाल्या, "खिंडीत उभं राहून कळप मोजता येतो. माळावर पांगला की कुठे उभे राहणार तुम्ही?"

तरी टेकडी सोडायला सगळे तयार नव्हते. तिथेच राहून फक्त सरळ रेषेत उत्तरेकडे जाणारे पक्षी मोजावेत, असा एक पर्याय होता. तो चुकीचा नव्हता. पण वारा फिरतो तेव्हा पक्षी निघतात, तो रविवार असेलच असं नाही, आणि रोज तीन तास द्यायला कुणाकडेच नव्हते. सिंहगडाचं नाव निघालं आणि पिठलं-भाकरीच्या गर्दीच्या आठवणीनेच मागे पडलं. मोजणी सोडून साध्या याद्या कराव्यात, असं आयटीतल्या एकाचं म्हणणं होतं.

चौथा पर्याय कॉलेजच्या मुलाने काढला. सासवड-जेजुरीच्या अंगाला एका माळावर त्याने डिसेंबरात भोवत्यांचा रातथारा पाहिला होता. हे पक्षी दिवसभर एकेकटे माळ-शेतं पालथी घालतात आणि सूर्यास्ताला उंच गवतात, जमिनीवर, एकत्र झोपायला येतात. आपल्याकडे मुख्यतः तीन जाती दिसतात: माँटेग्यूचा भोवत्या, पांढुरका भोवत्या आणि दलदल भोवत्या. पांढुरका जागतिक यादीत 'संकटसमीप' आहे. तिघेही सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. "जाणारे मोजता येत नसतील तर उरलेले मोजू," मुलगा म्हणाला. दर चार दिवसांनी तोच माळ, तीच वेळ; आकडा उतरत जाईल तसं प्रस्थान कळेल.

हा पर्याय निवडला. खर्च उघड होता: दिवे घाट चढून जाणं-येणं, आठवड्यात दोन संध्याकाळी, आणि परतताना अंधार. चौदातले पाच जण तिथेच गळले. त्यांनी टेकडीवर मॅडमच्या पद्धतीने घारी मोजायच्या असं ठरलं, आणि ते काम ते अजूनही करतात.

प्रत्यक्ष कृती

माळाचा काही भाग गायरान, काही वनखात्याचा. गवत कुसळीचं, गुडघ्याच्या वर. नियम ठरले: गाडी अर्धा किलोमीटर अलीकडे; गवतात पाऊल नाही; टॉर्च नाही, ड्रोन नाही; सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर बसायचं आणि पूर्ण काळोख झाल्यावरच उठायचं. जागा कुणालाही सांगायची नाही, हाही नियम. फोटोवाल्यांच्या गाड्या रातथाऱ्याभोवती फिरू लागल्या की काय होतं, हे दोघांनी दुसरीकडे पाहिलं होतं. या नियमाकडे पुढे परत येऊ.

दोन ठिकाणी दोन जोड्या बसल्या. मधली हद्द म्हणजे एक बाभूळ आणि विजेचा खांब यांना जोडणारी रेषा. हवेतला पक्षी मोजायचा नाही, तो गवतात बुडाला की मोजायचा, आणि समोर मिनिट लिहायचं. हा नियम नसता तर टेकडीचीच चूक पुन्हा झाली असती. भोवत्या उतरतो, पुन्हा उठतो, दुसऱ्याला हुसकावतो, लांब जाऊन बसतो. शेवटच्या वीस मिनिटांत तर नुसती धांदल.

४ मार्चला पहिल्या जोडीचे २७, दुसरीचे ३१. बेरीज ५८. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, की पहिल्या जोडीकडून उठून गेलेले नऊ पक्षी त्याच मिनिटाला किंवा पुढच्या मिनिटाला दुसरीकडे उतरल्याची नोंद आहे. ते नऊ तेच असतील का? बहुधा. सिद्ध करता येईल का? नाही. म्हणून वहीत एक आकडा न लिहिता '४९ ते ५८' लिहिलं. काकांना हे पटायला वेळ लागला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला शिल्लक 'इतके ते इतके' अशी लिहिलेली कशी चालावी!

दुसरा वाद ओळखीचा. माँटेग्यूच्या राखाडी नराच्या पंखावर काळी पट्टी असते, पांढुरक्याच्या पंखटोकाला नुसती काळी पाचर. उजेड असेल तर हे जमतं. माद्या आणि कोवळे पक्षी मात्र दोन्हीकडे तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि संधिप्रकाशात सगळं सारखंच. आमच्यातल्या फोटोग्राफरचा आग्रह होता, की कॅमेऱ्यात पकडून प्रत्येकाची जात लावायची. त्यासाठी जवळ जावं लागलं असतं. मुलाने वहीत नवा रकाना पाडला: 'तपकिरी, ओळख नाही'. पहिल्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त पक्षी त्याच रकान्यात गेले. फोटोग्राफर नाराज झाला, दोन खेपा आला नाही, मग आला.

पुढचे आकडे असे: ८ मार्च ४७ ते ५२, १२ मार्च ४४ ते ५०, १५ मार्च ४६ ते ४९. आकड्यांतलं अंतर कमी होत गेलं, ते आमचा हात बसला म्हणून.

वणवा

१९ मार्चला पोचलो तेव्हा माळाचा मोठा भाग काळा होता. आदल्या रात्री पेटला होता. कसा, ते कळलं नाही. नवं गवत चांगलं फुटावं म्हणून लावतात, कधी विडी पुरते. राखेवर कोतवाल आणि घारी भाजलेले-पळणारे नाकतोडे टिपत होत्या. भोवत्या जमिनीवर झोपत असले तरी त्यांची वीण इथे होत नाही, ते उडून गेले असणार. डोंबारी चंडोलांची घरटी त्याच जमिनीवर होती, ती वाचली नसतील. त्या संध्याकाळी उरलेल्या पट्ट्यात सहा पक्षी उतरले.

घरी येऊन मी वहीत लिहिलं: "१९ मार्च, प्रस्थान. ४६ वरून ६." तक्त्यात ती रेघ फार सुरेख दिसत होती. मॅडमनी विचारलं, "गेले की हलले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी ते वाक्य मी खोडलं नाही, फक्त पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

उत्तर मिळालं ते एका मेंढपाळ मामांकडून. त्यांचा वाडा माळाच्या कडेला असायचा. आम्ही तीन आठवडे त्यांना नुसता रामराम घालून पुढे जात होतो. २२ तारखेला त्यांनीच हटकलं, "काय सायेब, घारी हुडकताय का? त्या न्हाईत गेल्या. पल्याडच्या पडीवर उतरत्यात आता."

पलीकडची पड तीन किलोमीटरवर. २३ मार्चला एक जोडी तिथे बसली: ३१. जुन्या पट्ट्यात चार. एकूण ३५. म्हणजे काही खरोखर निघाले होते, पण चाळीस पक्षी एका रात्रीत मध्य आशियाला गेले नव्हते. मी प्रश्नचिन्हासकट ते वाक्य खोडलं.

निष्पत्ती

त्यानंतर दोन्ही जागा मोजल्या. २९ मार्च १७, २ एप्रिल ९, ६ एप्रिल ३, ९ एप्रिल १. राखाडी नर आधी कमी होताना दिसले. भोवत्यांमध्ये नर लवकर निघतात हे माहीत असलं, तरी आमच्या अंधुक उजेडातल्या नोंदींवरून ते सिद्ध झालं असं आम्ही म्हणणार नाही.

९ एप्रिलनंतर एकाने विचारलं की आता कशाला जायचं. काकांनी ऐकलं नाही. १२ आणि १५ एप्रिलला दोन जोड्या दोन जागी दीड-दीड तास बसून शून्य लिहून आल्या. ते दोन शून्य नसते तर 'शेवटचा पक्षी ९ एप्रिलला' या वाक्याचा अर्थ 'आम्ही शेवटचे ९ एप्रिलला गेलो' एवढाच झाला असता.

सगळ्या याद्या एप्रिलअखेर ई-बर्डवर, म्हणजे जगभरच्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकल्या, नेमक्या जागेऐवजी ढोबळ ठिकाण देऊन. टेकडीच्या त्या रविवारची नोंद मॅडमच्या ३८ वर ठेवली. २१२ कसे आले ते शेऱ्यात लिहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

टेकडीवरचे चार रविवार वाया गेले असं मी म्हणत नाही, पण पहिल्याच रविवारी दोन जणांनी दोन पद्धतींनी मोजलं असतं तर दुसऱ्याच रविवारी डोळे उघडले असते. शिवाय रातथारा डिसेंबरपासून माहीत होता. तेव्हापासून मोजलं असतं तर हिवाळ्यात इथे सर्वसाधारणपणे किती असतात हे कळलं असतं. आमची वही उतरणीपासून सुरू होते. सकाळी ते गवतातून उठतात तेव्हाही एखाद-दोनदा मोजून संध्याकाळचा आकडा ताडून पाहायला हवा होता.

पण सर्वांत जास्त घोळली ती गुप्ततेची गोष्ट. जागा फोटोवाल्यांपासून लपवली ते बरोबरच. ती आम्ही वनरक्षकापासूनही लपवली. गावातल्या कुणाला सांगितलं नाही. त्या गवतात पन्नासेक भोवत्या झोपतात हे माहीत असतं, तर वनरक्षकाने तिथली जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, आधी काढली असती का? माहीत नाही. निदान विचारता तरी आलं असतं. आणि मामांना तर सगळं आमच्या आधीपासून ठाऊक होतं. गुपित फक्त पुण्यातल्या लोकांपासून होतं, आणि ज्यांच्या पायाखाली तो माळ आहे त्यांच्याशी आम्ही तीन आठवडे बोललोच नव्हतो.

यावरही गटात एकमत नाही. फोटोग्राफरचं म्हणणं, एकाला सांगितलं की दहांना कळतं. त्याचं अगदीच चूक नाही. शेवटी ठरलं ते असं: वनरक्षक, मामा आणि गावातले आणखी दोघं यांना जागा आणि पक्षी दोन्ही सांगायचे, बाकी कुणाला काहीच नाही. पावसाळ्यानंतर काका आणि मॅडम वनरक्षकाला भेटून आले. त्याने दोन्ही जागा नकाशावर खुणेने मांडून घेतल्या, जाळरेषेचं बघतो म्हणाला.

वहीतही एक रकाना वाढला, 'ऐकीव'. स्वतः न पाहिलेली पण भरवशाच्या माणसाकडून कळलेली नोंद त्यात जाते, बेरजेत धरत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सव्वासातला मामांचा काकांना फोन आला. "आलं तुमचं पाव्हणं. तीन हायेत."

"राखाडी का तपकिरी, मामा?"

"ते तुमी येऊन बघा की."

ऐकीव, ३.